प्रेस जुनाच ठेवायचा की बदलायचा?

सुट्टीत पुण्याला आलो की ‘तिकडे फावल्या वेळात काय करतोस?’ हा प्रश्न ठरलेला. घराची रंगरंगोटी, लॉन कापणं, इथपर्यंत सगळे माना डोलावतात. काडतुसं भरतो म्हटलं की समोरच्या काकू हातातला कप खाली ठेवतात.

अ‍ॅरिझोनात मात्र हा चारचौघांसारखा छंद आहे. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून द्यायची नाही. ती प्रेस नावाच्या दांड्याच्या यंत्रावर, डायमध्ये म्हणजे पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची (याला साइजिंग म्हणतात), बुडातला जळलेला प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, काढून नवा बसवायचा, मापून बंदुकीची दारू घालायची आणि वर नवी गोळी दाबून बसवायची. स्वतःपुरती भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची म्हटलं की लागतो. हे सगळं अर्थात ग्रीन कार्ड हातात आल्यानंतरचं. एच-वन-बीवर असताना, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं तिथे गुन्हा आहे. नव्याने गेलेल्या मुलांनी मित्राच्या आग्रहाखातर रेंजवर जाण्याआधी एवढं बघून घ्यावं. आणि रेंजवर नेलेली सॅक विमानप्रवासाला कधीही वापरू नये. तळाशी विसरलेलं एक काडतूस लोहगावच्या स्कॅनरमध्ये दिसलं तर सुट्टी पोलीस चौकीतच जाईल.

इथे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, त्यामुळे वाचून कोणी हौस करायला जाऊ नका. तसंही बालेवाडीच्या रेंजवर बहुतेक जण एअर रायफल नाहीतर पॉइंट टू टू (.२२) बोअरची रायफल चालवतात. स्वप्निल कुसळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटर रायफलमध्ये, आणि तिथे वापरतात ती पॉइंट टू टूची काडतुसं घरी पुन्हा भरण्याजोगी नसतातच. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेच्या आत भरलेला असतो आणि बंदुकीची पिन आपटली की ती कडच चेपते.

तर, यंदाचा माझा प्रश्न प्रेसचा होता. गॅरेजमधला प्रेस जुना आहे, सेकंडहँड घेतलेला. ओतीव लोखंडाची बंद चौकट, खाली वरखाली होणारा रॅम, बाजूला दांडा. सिंगल स्टेज, म्हणजे एका वेळी एकच डाय आणि दांडा एकदा ओढला की एकच काम. रायफलसाठी उत्तम. पण क्लबच्या मॅचला पिस्तूल चालवायला लागलो आणि पिस्तुलाच्या नाइन एमएम काडतुसांची भूक भागेना. प्रत्येक पुंगळी तीन-चार वेळा त्याच दांड्याखालून जाते, तासाला शंभरसुद्धा होत नाहीत. त्यात जळलेले प्रायमर डब्यात कमी आणि फरशीवर जास्त पडायला लागले. त्यांच्या काजळीत शिसं असतं आणि घरात रांगतं मूल आहे.

मार्ग तीन होते. आहे तो दुरुस्त करून चालवणं, त्याच चौकटीवर फिरत्या प्लेटचं किट चढवून त्याला प्रोग्रेसिव्ह करणं (म्हणजे प्लेटवर अनेक पुंगळ्या, आणि दांड्याच्या एकाच ओढीत प्रत्येकीवर वेगळं काम), किंवा सरळ नवा प्रोग्रेसिव्ह घेणं. माझं मन किटवर बसलं होतं. वरचा बुश, म्हणजे डाय बसते ती आट्यांची कडी, काढला की सव्वा इंची आटे मिळतात, त्यात किट बसतं, माझ्या सगळ्या डाय चालतात आणि पैसेही वाचतात.

आमचे काका खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून, टूलरूममधून, निवृत्त झाले. ही १८६९ची फॅक्टरी. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आहे, जिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. तिथे काय बनायचं याबद्दल काका आजही अवाक्षर काढत नाहीत. पण माझ्या मोबाइलवरचा प्रेसचा व्हिडिओ त्यांनी चष्मा बदलून बघितला.

‘रॅम डुलतोय की रे.’

‘हो काका, वर नेला की थोडा डुलतो.’

‘मग बोअर करून बुश ठोक. कास्ट आयर्न आहे, काय अवघड आहे?’

मी म्हटलं, डुलला म्हणून बिघडत नाही. शेलहोल्डरमध्ये, म्हणजे रॅमवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या खाचेत, पुंगळी मुळातच सैल बसते आणि डायमध्ये शिरताना आपोआप मध्यावर येते. हे त्यांना पटलं. पण पटल्यावर ते जे बोलले त्याने माझं किट बारगळलं.

‘आज लोड बरोबर मध्यावर आहे म्हणून चालतंय. प्लेट लावलीस की चार पुंगळ्या रॅमच्या भोवतीने उभ्या राहणार. साइजिंगचा जोर एका बाजूला आणि गोळी बसतेय दुसऱ्या बाजूला. आता जो प्ले निरुपद्रवी आहे, तोच मग प्रत्येक ओढीला रॅम तिरका करणार. आणि पिना? पिना मोजल्यास का?’

रायफलच्या पुंगळ्यांचं माप खांद्यापाशी, म्हणजे पुंगळी निमुळती होते तिथे, दोन-तीन थाऊने (इंचाच्या हजाराव्या भागाने) पुढेमागे येतंय, हे मी त्यांना तोवर सांगितलंच नव्हतं. दांडा आणि रॅम जोडणाऱ्या लिंकेजच्या पिना झिजल्या की स्ट्रोक दर वेळी एकाच जागी संपत नाही. म्हणजे दुरुस्ती खरी हवी होती ती तिथे.

राहिला नवा प्रेस. डिलन ही प्रेस बनवणारी कंपनी आमच्या चँडलरहून फार लांब नाही, स्कॉट्सडेलला आहे. त्यांचा ५५० हा प्रेस चार स्टेशनांचा आणि प्लेट हाताने फिरवायची. मला तो आवडला होता. आपण थांबलो की तो थांबतो, आणि माझी गरज काही हजारोंची नाही. इथे आमचं जुंपलं. प्लेट फिरवायची राहिली तर त्याच पुंगळीत दारूचं माप पुन्हा पडतं. जलद जळणाऱ्या दारूचं माप इतकं लहान असतं की नाइन एमएममध्ये दुप्पट पडलं तरी सांडत नाही, आणि तसं काडतूस पिस्तूल फोडू शकतं. सिंगल स्टेजवर पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या असतात, वरून टॉर्च मारला की चूक दिसते. मी म्हटलं, ५५०वरही प्रत्येक पुंगळीत डोकावून मगच गोळी ठेवेन.

‘ऑपरेटर डोकावेल या भरवशावर प्रोसेस लावत नाहीत,’ काका म्हणाले. बजाज असो की टेल्को, पुण्यात शॉपफ्लोअरवर उमेदवारी केलेल्या कोणालाही यापुढे काय बोलायचं असतं? डिलनच्याच ७५०ची प्लेट आपोआप फिरते आणि पाचव्या स्टेशनामुळे दारूची पातळी तपासून बझर वाजवणारं उपकरण बसतं. महाग आहे, पण तोच घेतोय. टॉर्च तरीही लावणार, कारण मधेच काही अडकलं आणि प्लेट मागेपुढे झाली की आपोआप फिरणाऱ्या यंत्रावरही हिशेब चुकतो.

तो गॅरेजमध्येच, बेंचला आरपार बोल्ट मारून बसेल. दारू आणि प्रायमर मात्र घरात, थंड खोलीत, कुलपात. उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश असतं तेव्हा गॅरेज भट्टी होतं.

जुना प्रेस रायफलपुरता राहतोय, नव्या पिना आणि प्रायमर खाली डब्यात नेणारी नळी लावून. पिना भोसरीतून करून देतो म्हणून काका मागे लागले होते. कस्टम्सवाल्याला त्या कशाच्या आहेत हे समजावत बसायची माझी तयारी नाही, म्हणून नको म्हटलं. त्यांनी वीजबिलाच्या पाठीवर ड्रॉइंग काढून दिलंय, टॉलरन्ससकट. खाली लिहिलंय: ईएन-२४ पोलाद, हार्डन करून ग्राइंड करणे, नुसती टर्न केलेली पिन घेऊ नये.