पाण्याचे थर ऐकताना

समुद्राच्या पाण्याचे थर मोजायचे, तर रूढ पद्धत अशी की जहाज थांबवून सीटीडी हे उपकरण तारेने खोलवर सोडायचे. उतरता उतरता ते तापमान, क्षारता आणि दाब यांची नोंद करते, त्यामुळे उभे चित्र अतिशय बारकाईने मिळते. पण पुढचे मोजमाप बहुधा कित्येक किलोमीटर अंतरावर होत असल्याने इथे दिसलेला थर आणि तिथे दिसलेला थर एकच आहे की नाही, हे अंदाजानेच ठरवावे लागते. ही उणीव ध्वनी भरून काढतो, म्हणून प्रतिध्वनींवरून पाण्याचे थर ओळखणाऱ्या या शाखेचे मला विशेष अप्रूप आहे.

२००० साली कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंडजवळ मॉरिस युइंग या जहाजाने समुद्रतळाखालच्या खडकांचे सर्वेक्षण केले. एअरगनमधून दाबाखालची हवा पाण्यात सोडायची आणि जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या काही किलोमीटर लांब केबलमधल्या हायड्रोफोनांनी, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनांनी, परतणारा आवाज टिपायचा, ही तेलसंशोधनातलीही नेहमीचीच रीत. तळाच्या आधी, नुसत्या पाण्यातून येणाऱ्या क्षीण प्रतिध्वनींकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नसे. भूभौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन होलब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दिले. लॅब्राडॉरचा थंड आणि उत्तर अटलांटिकचा उबदार प्रवाह जिथे भिडतात, तिथले एकमेकांत घुसलेले तिरपे थर त्यांना किलोमीटरच्या किलोमीटर सलग दिसले. हे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले.

पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. तापमान एका अंशाने वाढले की तो साधारण ३ ते ४ मीटरने वाढतो, आणि किलोभर पाण्यात एक ग्रॅम क्षार वाढले की सव्वा मीटरच्या आसपास. थरांच्या सीमेवर वेगात पडणाऱ्या एवढ्याशा फरकाने परतणारा प्रतिध्वनी तळाच्या प्रतिध्वनीच्या शेकडो पटींनी दुबळा असतो, तरीही अंशाच्या काही शतांशांइतका तापमानबदल त्यात उमटू शकतो.

परंतु प्रतिध्वनी थराची सीमा दाखवतो. त्यातला किती वाटा उष्णतेचा आणि किती क्षारांचा, हे तो एकटा सांगत नाही. जिब्राल्टरमधून बाहेर पडणारे भूमध्य समुद्राचे उबदार, खारे पाणी सुमारे १००० मीटर खोलीवर पसरते आणि त्याचे भिंगाच्या आकाराचे, पन्नास-शंभर किलोमीटर रुंदीचे भोवरे अटलांटिकमध्ये फिरत राहतात. तिथे उष्णता आणि क्षार दोन्ही बदलतात; म्हणूनच २००७ साली स्पेनच्या नैऋत्येकडील काडिझच्या आखातात ध्वनिसर्वेक्षण आणि प्रत्यक्ष तापमान-क्षारतेची मोजमापे एकाच वेळी केली गेली.

एअरगनच्या आवाजाचा देवमाशांना त्रास होतो, हे विसरता येत नाही. त्यामुळे नव्या सर्वेक्षणांपेक्षा तेलकंपन्यांनी खडकांसाठी आधीच गोळा केलेल्या नोंदी पाण्यासाठी पुन्हा वाचाव्यात, असे मला ठामपणे वाटते.