शाळा तीनला सुटते, मग मुलं घरी का जात नाहीत?

पुण्याला आले की हा प्रश्न ठरलेलाच. मावशी विचारते, सोसायटीतल्या काकू विचारतात, आता तर वहिनीच्या मैत्रिणीसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायला लागल्यात, की शाळा तीनला सुटते ना गं, मग ती पोरं साडेपाचपर्यंत तुझ्याकडे कशाला? आया घरी नसतात का? त्या 'आया'वरचा जोर मला बरोबर ऐकू येतो हं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून. नाही, नसतात घरी. कामावर असतात. मी अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यात, शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणाऱ्या उपक्रमात काम करते. व्हर्मॉन्ट म्हटलं की तुम्हाला मी पाठवलेले लाल-पिवळ्या झाडांचे फोटो आठवतात, पण 2020 च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची वस्ती साडेसहा लाखांच्या आतच भरली आणि इथले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत. शेजारी म्हणजे टेकडीपलीकडचा दिवा. रिक्षा नाही, वरच्या मजल्यावर आजी नाही. बर्फ वितळायला लागला की त्या कच्च्या रस्त्याचा असा राडा होतो की गाडी रुतून बसते, त्या दिवसांना इथे मड सीझन म्हणतात आणि लोक तो पावसाळ्यासारखा धरूनच चालतात.

आणि आया काय करतात म्हणाल तर बऱ्याच जणी वृद्धाश्रमांत, नर्सिंग होममध्ये ड्यूटी करतात. देशातल्या सगळ्यात म्हाताऱ्या राज्यांपैकी हे एक. ज्यांची मुलं लांब गेलीत अशांची उठबस या बायका करतात. मावशी, तुझी दोन्ही मुलं कुठे आहेत, मी काही बोलत नाही.

मी इथे लागले तेव्हा माझ्याही डोक्यात क्लासच होता. पाढे, वाचन, रोज एक वर्कशीट. आता पहिल्यांदा खायला देतो, मग अर्धा तास होमवर्क, मग युकुलेले, स्वयंपाक, बुद्धिबळ, बर्फ असला की स्नोशूज घालून रानात. मार्क वाढतात का? काहींचे वाढतात, काहींचे नाही, आणि वाढले ते आमच्यामुळे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ग्रँटच्या रिपोर्टात मात्र सांगते. सांगावं लागतं.

पैशाचंही विचारता. थोडे केंद्राच्या ग्रँटमधून येतात, आणि 2020 च्या कायद्याने राज्यातल्या गांजाविक्रीवरचा 6 टक्के सेल्स टॅक्स शाळेनंतरच्या आणि उन्हाळ्यातल्या अशा उपक्रमांसाठी ठेवलाय. हो, गांजा. कायदेशीर दुकानं आहेत, 2022 च्या ऑक्टोबरपासून. हे ऐकून मावशी पदर तोंडाला लावते. जुलै 2025 मध्ये केंद्राने ग्रँट ऐनवेळी अडकवली, दोनतीन आठवड्यांनी सोडली, तोवर सप्टेंबरला कुणाला कामावर ठेवायचं हेच कळेना.

पण मला सांगायचंय ते लेट बसचं. आमच्याकडे पाच-सव्वापाचला एक बस सुटायची, लांबच्या पोरांना त्यांच्या फाट्यावर सोडायची. इथे शाळेचं बजेट गावातले लोक मत देऊन पास करतात. 2024 च्या मार्चमध्ये प्रॉपर्टी टॅक्स वाढणार म्हणून लोक भडकले आणि राज्यातली जवळजवळ एक तृतीयांश शाळांची बजेटं मतदानात पडली. आमचंही पडलं. कापून परत मांडलं तेव्हा पहिली गेली ती लेट बस.

सहावीतली एक मुलगी होती, बुद्धिबळात मला सहज हरवायची. आई नर्सिंग होममध्ये. बस बंद झाल्यानंतरच्या जानेवारीत एका संध्याकाळी पुढच्या शिफ्टची बाई आलीच नाही, आणि बदली आल्याशिवाय पेशंटना सोडून निघता येत नाही. साडेपाच झाले, सहा झाले. बाहेर केव्हाच अंधार. मुलाला आपल्या गाडीतून सोडायचं नाही हा आमचा नियम, इन्शुरन्सचा, मी केलेला नाही. आम्ही दोघी दाराजवळच्या बाकावर, माझ्या डब्यातला चिवडा मधे. ती दोन्ही बाजूंनी एकटीच खेळत होती. खिडकीवर हेडलाइट पडला की एक हातमोजा चढवायची, गाडी पुढे गेली की काढून परत मांडीवर ठेवायची. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण जाणारं वाहन दिसलं की माझ्याच पोटात गोळा यायला लागला.

आई सातनंतर आली, ड्यूटीच्याच कपड्यांत, गळ्यात बिल्ला तसाच. माफी मागत राहिली. आणि मला तिच्याकडून लेट फीच्या फॉर्मवर सही घ्यायची होती. घेतली. आता म्हणाल फॉर्म पुढे केलासच कशाला, तर दुसरी एक आई आदल्याच आठवड्यात पगार कापून घेऊन वेळेत धावत आली होती, तिला मी काय तोंड दाखवणार होते? हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय. पटतं आणि पटत नाही.

सोमवारी दोन ओळींचा ईमेल आला. तुम्हाला पुन्हा असं ताटकळत ठेवणार नाही, नाव काढून टाका. आता ती तीनच्याच बसने जाते आणि आई येईपर्यंत धाकट्या भावाला सांभाळते. म्हणजे मुलं घरी जातात, मावशी, जातात की.

राहिली कोण, तर जी चालत घरी जाऊ शकतात ती, नाहीतर ज्यांचे आईवडील साडेपाचला गाडी घेऊन हजर असतात ती. हजेरीपट भरलेला दिसतो. कधी वाटतं युकुलेले-बिकुलेले बंद करावं आणि सगळा पैसा ड्रायव्हरवर घालावा. मग आठवतो आमच्याकडे दोनदोनदा वाढून घेणारा एक पोरगा, तो चालतच येतो, त्याला बसशी काही घेणंदेणं नाही.

यंदाच्या बजेटात लेट बस परत घातलीय, मार्चमध्ये मतदान. पास झालं तरी ड्रायव्हरची जागा रिकामीच आहे, आणि मोठ्या गाडीचं लायसन्स असलेला माणूस दिवसातून दोन तासांच्या कामासाठी खडीचा ट्रक सोडून येत नाही.