शंभरने भागा

भोसरी एमआयडीसीतल्या बोल्टच्या कारखान्यात मी टेस्टिंग बघतो. त्या दिवशी अर्ध्या इंचाच्या, ग्रेड ५ बोल्टचा लॉट प्रूफ लोडमध्ये बसेना. प्रूफ लोड म्हणजे बोल्टने कायमचा न ताणता पेलायचा लोड. तो ठरलेला लोड लावून दहा सेकंद धरायचा, सोडायचा, लांबी पुन्हा मोजायची. फरक १२.७ मायक्रॉनच्या आत हवा. पहिला बोल्ट १७ मायक्रॉन वाढला, दुसरा १९, तिसरा १६.

हार्डनेस, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, रॉकवेल मापावर २६ एचआरसी होता. खालच्या अंगाला, पण हद्दीत. तरी सगळ्यांनी भट्टीवरच्या काकांना धरलं. टेम्परिंग, म्हणजे कडक केलेला बोल्ट पुन्हा तापवून थोडा नरम करणं, जास्त झालं म्हणे. काका वाद घालत बसले नाहीत. भट्टीचा चार्ट आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि गेले. तापमानाची रेघ कुठेही हललेली नव्हती.

मी मशीनपाशी परत गेलो. ड्रॉइंगवर लोड पौंडात, १२,१००. आमच्या यूटीएमचा, म्हणजे बोल्ट ताणून बघायच्या मशीनचा, जुना डायल किलोचा, त्यामुळे वर्षानुवर्षं ५,४८८ किलो लावायचो. ते बरोबरच होतं. दोन महिन्यांपूर्वी डिजिटल डिस्प्ले बसवला, तो किलोन्यूटनमध्ये. त्याच्या कडेला सेलोटेपने डकवलेली चिठ्ठी: ‘किलो भागिले १०० = केएन’. अक्षर माझं.

म्हणजे ५४.८८. पण एक किलो बल म्हणजे दहा न्यूटन नव्हे, ९.८०६६५ न्यूटन, हा आकडा १९०१ सालच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलाय. त्याने गुणलं तर ५३.८२ किलोन्यूटन येतात. पौंडावरून थेट काढून पाहिलं, १२,१०० गुणिले ४.४४८२, तरी तेच. प्रत्येक बोल्टवर मी शंभर किलोहून जास्त लोड फुकट चढवत होतो. चेन ब्लॉकला किती वजन लावायचं याचा अंदाज घेताना दहाचा हिशेब चालून जातो. प्रूफ लोड मात्र यील्डच्या, म्हणजे जिथून बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो त्या हद्दीच्या, थोडाच खाली ठरवलेला असतो. तिथे दोन टक्क्यांनी चांगला बोल्टही कायमचा ताणला जाऊ शकतो.

ताणलेले बोल्ट पुन्हा घेता येत नाहीत. त्याच लॉटमधले तीन नवे घेतले, ५३.८२ लावले. वाढ आली ४, ६ आणि ३ मायक्रॉन.

चिठ्ठी काढली आणि भट्टीवर गेलो. “काका, चूक माझी होती. टेम्परिंग बरोबर आहे.”

काकांनी हातमोजे काढले. “मग साहेब, मागच्या महिन्यात लाल टॅग लावलेला तो लॉटही बघा. अजून रॅकवरच पडलाय.”