कुपवाडच्या लेथवर स्कुबाचं सामान : काम कुठवर आलं

बॅकप्लेट (टाकी पाठीवर धरणारी धातूची पाटी) आणि ती अंगाला बांधणारा पट्ट्यांचा हार्नेस पूर्ण झाला. बुडण्यासाठी कमरेला लावायची शिशाची वजनं ओतून झाली. टॉर्चचं झाकण दुसऱ्यांदा लेथवर गेलं आणि आता गळत नाही. विहिरीतली एकत्र चाचणी तेवढी बाकी आहे.

काय बनवायचं आणि काय नाही, हे आधी ठरवलं होतं आणि त्यात बदल करणार नाही. तोंडापर्यंत हवा आणणारी एकही वस्तू घरी बनवायची नाही. टाकी, व्हॉल्व्ह, फर्स्ट स्टेज (टाकीतल्या हवेचा दाब कमी करणारा भाग), सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग), होज, सगळं विकत. पेसोची (स्फोटकं आणि दाबाच्या टाक्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) मंजुरी आणि चालू हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) नसलेली टाकी भंगारात कितीही चांगली दिसली तरी घ्यायची नाही. रंगकामाच्या कॉम्प्रेसरला नळी लावून उथळ पाण्यात उतरायचा सल्लाही अधूनमधून कुणीतरी देतं. त्या हवेत तेलाची वाफ असते आणि कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. खोलीवर दाब वाढतो तशी त्याची मात्राही वाढते. ३० मीटरवर ती वरच्या चौपट होते. तेव्हा तो विषय बंद. धरून ठेवणाऱ्या, वजन देणाऱ्या आणि उजेड देणाऱ्या वस्तू मात्र सांगलीत उत्तम बनतात.

बॅकप्लेटसाठी ३१६ स्टेनलेसचा ३ मिमी पत्रा, आकार ३८० बाय २५० मिमी. ३०४ स्वस्त पडतो, पण खाऱ्या पाण्यात खाचांच्या कडांना लवकर तांबूस ठिपके धरतात. अख्खा पत्रा घेण्याची गरज नाही, फॅब्रिकेशनवाल्यांकडे कटपीस किलोवर मिळतो. या मापाचा तुकडा सव्वादोन किलोच्या आसपास भरतो, खाचा कापल्यावर दोन. हे दोन किलो वाया जात नाहीत, कारण कमरेवरचं तेवढं शिसं कमी होतं.

सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे मधल्या दोन भोकांमधलं अंतर. ते मध्यापासून मध्यापर्यंत २७९ मिमी, म्हणजे ११ इंच लागतं. हे चुकलं तर बाजारातला कुठलाच विंग (तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी) बसणार नाही. बोल्ट एम ८, भोक ९ मिमी. पाठीच्या कण्यासाठी मधे पन्हाळी काढावी लागते, तिला चार बेंड. भोकं पन्हाळीच्या सपाट तळात ठेवली की बेंडमुळे अंतर बदलत नाही. बेंडच्या रेषा एकमेकींना समांतर नसतील तर प्लेट पिळते आणि टाकी पाठीवर तिरकी बसते. म्हणून आधी त्याच फाइलवरून साध्या लोखंडी पत्र्याची एक प्लेट कापून वाकवून बघावी. लेसरचा सेटिंग खर्च एकदाच पडतो, त्यामुळे दोघातिघांनी मिळून कापून घेतलं तर फारच परवडतं.

पट्टीसाठी खाच ५५ बाय ७ मिमी. इथे आळस नको. लेसरनं कापलेली कड हाताला गुळगुळीत लागते, पण भिजलेली पट्टी ताणाखाली तिच्यावर घासली की धागे तुटतात. प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजू बारीक कानशीनं गोल करून मग पॉलिश पेपर फिरवायचा. तपासायला जुना नायलॉनचा पायमोजा खाचेतून ओढावा. कुठे अडकला की तिथे पुन्हा कानस.

पट्टी ५० मिमी रुंद, सलग ४ मीटर, शिवाय दोन पायांमधून येणारी दीड मीटर. दप्तरं शिवणाऱ्यांकडे मिळणारी पट्टी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची असते. ती मऊ असते आणि बकलातून सरकते. दुकानातच ओळखायची असेल तर चार बोटांचा तुकडा मागून घ्या, साबणाच्या पाण्यात चोळून आतली हवा काढा आणि पाण्याच्या ग्लासात सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. गाडीचा सीटबेल्ट बुडतो, पण तो पातळ आणि निसरडा, खांद्यावर गुंडाळी होतो. हुकांच्या बाबतीतही सावध राहायला हवं. कुत्र्याच्या साखळीचे चकचकीत हुक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. समुद्राच्या पाण्यात थोड्याच दिवसांत त्यांची स्प्रिंग आणि खटका जाम होतो. स्टेनलेस किंवा पितळीच घ्यावेत.

शिशाचं काम उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन, मुलांना लांब ठेवून आणि धुराचा मास्क लावूनच करायचं. पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, हे घरात आधी सांगून ठेवावं. शिसं ३२७ अंशांना वितळतं. साच्यात पाण्याचा थेंब जरी राहिला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं शिसं अंगावर उडतं, म्हणून साचा ओतण्याआधी बर्नरवर चांगला तापवायचा. बॅटरीच्या प्लेटा वापरू नयेत, त्यांत आम्ल, अँटिमनी आणि आर्सेनिकचे अंश असतात. साच्याचं आतलं माप ७५ बाय ७० बाय २० मिमी. पट्टीसाठी ५५ बाय ६ मिमीच्या दोन पट्ट्या साच्यात उभ्या ठेवल्या की तुकडा १ किलोच्या किंचित वर भरतो. वर इपॉक्सीचे दोन हात, नाहीतर हाताला काळं लागत राहतं आणि ते काळं म्हणजे शिसंच.

टॉर्चनं सर्वांत जास्त वेळ खाल्ला. बॉडी ॲल्युमिनियमच्या ५० मिमी बारमधून काढली, मागच्या झाकणाला आटे आणि त्यांच्या पुढे दोन ओ-रिंग (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या). दाबाच्या चाचणीसाठी घरच्या पाण्याच्या फिल्टरचं १० इंची पारदर्शक भांडं घेतलं. त्याला प्लंबरचा हातपंप जोडला. भांडं काठोकाठ पाण्यानं भरायचं, हवा ठेवायची नाही, कारण दाबलेली हवा भांडं फुटल्यावर तुकडे फेकते. बुडबुडा दिसेल तर पुन्हा भरा. सेल काढून, आत टिश्यू पेपर ठेवून टॉर्च बुडवायचा.

पहिलं झाकण ३ बारला, म्हणजे ३० मीटरला, कोरडं राहिलं आणि बादलीत अर्ध्या हातावर गळलं. हे उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. जास्त दाब रिंगला खाचेच्या कडेला ढकलून स्वतःच सील करतो. उथळ पाण्यात तो दाब नसतो, तिथे रिंग किती दाबून बसली आहे यावरच सगळं असतं. २.५ मिमीच्या रिंगला खाचेच्या तळापासून समोरच्या भिंतीपर्यंत १.९५ मिमी हवे होते, म्हणजे २२ टक्के दाब. टर्नरनं २.३ ठेवले होते, जेमतेम ८ टक्के. नवं झाकण १.९५ वर काढलं, खाचेची रुंदी ३.३, तोंडाला २० अंशांचा चेंफर (उतरती कड), म्हणजे आत जाताना रिंग कापली जात नाही. गोल फिरणारे टूलचे चरे चालतात, आडवा एक ओरखडाही चालत नाही. तेव्हा चाचणी नेहमी दोन्ही टोकांना करा : बादलीत एक तास, मग ३ बारला एक तास.

जुना रेग्युलेटर (फर्स्ट आणि सेकंड स्टेजची जोडी) घेणाऱ्यांसाठी एक जोडणी फार कामाची. ० ते १६ बारचं प्रेशर गेज विंग किंवा जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या होजला बसणाऱ्या निपलवर चढवायचं. बहुतेक फर्स्ट स्टेजला काटा ९ ते १० बारला थांबायला हवा. थांबून पुन्हा हळूहळू वर चढत राहिला तर आतली सीट (हवा बंद करणारा भाग) झिजली आहे. असा रेग्युलेटर सर्व्हिसिंगलाच द्यायचा. सेकंड स्टेज न जोडता टाकी उघडायची नाही. सीट गळकी निघाली तर जादा दाब सुटायला तीच वाट असते.

आता विहीर. कृष्णेत चाचणी नको. भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत आणि पाणी गढूळ. शेतातल्या विहिरीवर मोटर असते. तिच्या स्टार्टरचा ऑटो बंद करून, मेन स्विच पाडून, फ्यूज काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात ठेवायचे. लाईट आली की ऑटोवरची मोटर कुणाला न विचारता सुरू होते.

विहिरीत जमलेलं वजन मालवणच्या समुद्रात पुरत नाही. माणूस आणि सामान मिळून १०० किलो धरलं तर खाऱ्या पाण्यात अडीच किलो शिसं जास्त लागतं. ११ लिटरच्या ॲल्युमिनियम टाकीतून २०० ते ५० बार हवा वापरली की ती दोन किलोनं हलकी होते, आणि रिकामी होत आली की तरंगायला लागते. त्यामुळे भरलेल्या टाकीवर जमवलेलं वजन शेवटी तुम्हाला वर ढकलतं. परतीचा बेतही आधीच ठरवा. डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी १२ तास थांबण्याची मर्यादा, आणि एकाहून जास्त डाइव्ह असतील तर १८ तासांची, ६०० मीटरपासून पुढच्या उंचीला लागू होते. मालवणहून परतताना वाटेत लागणारी आंबोली ६९० मीटरवर आहे. म्हणजे त्या संध्याकाळी मुक्काम खालीच.

पुढच्या वेळी विहिरीतले आकडे देऊ : प्लेट, हार्नेस आणि ३ मिमी जाडीच्या डायव्हिंग सूटसह ५० बारवर किती शिसं लागलं ते.