आधी शाळा, मग गाव : टिरोलमध्ये मुलांसाठी स्कीची शाळा निवडताना

म्युनिकमध्ये राहणाऱ्या कुटुंबांना फेब्रुवारीतल्या फाशिंगच्या, म्हणजे कार्निव्हलच्या, सुट्टीत डोंगर खुणावू लागतात आणि त्यात नवल नाही, कारण सीमेपलीकडचे, ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातले कुफस्टाइन रेल्वेने सुमारे तासाभरावर आहे आणि तिथून बसने पुढे गेले की विल्डर कायझर या चुनखडीच्या करड्या कड्यांखाली वसलेली गावे लागतात. यंदा पुण्याहून दादा, वहिनी आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा येणार होते. आमची मुलगी सात वर्षांची आणि धाकटा चार वर्षांचा. तिघांपैकी एकालाही स्कीचा अनुभव नव्हता. साधारणपणे लोक आधी हॉटेल ठरवतात, मग स्कीचे पास काढतात आणि मुलांच्या शाळेचा विचार शेवटी करतात. आम्ही हा क्रम उलटा केला, कारण आठवड्यातले जवळजवळ सर्व दिवस मुले ज्या जागी काढणार, ती जागा चांगली नसेल तर हॉटेलच्या खिडकीतून दिसणाऱ्या शिखरांचा कोणालाच उपयोग नव्हता.

झ्योल, शेफाऊ, एल्माऊ आणि गोइंग ही गावे स्कीवेल्ट नावाच्या एकाच मोठ्या क्षेत्रात येतात आणि तिथे एकूण अडीचशे किलोमीटरहून अधिक उतार असल्याचे जाहिरातींत ठळकपणे सांगितले जाते. नवशिक्या मुलांच्या पालकांनी या आकड्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. पोहायला शिकणाऱ्या मुलासाठी तलाव किती लांब आहे हे पाहून काय उपयोग, त्याची उथळ बाजू कशी आहे ते पाहावे. स्कीमध्ये ही उथळ बाजू म्हणजे सरावाचे कुरण. उन्हाळ्यात जिथे गाई चरतात, त्याच सौम्य उताराच्या जमिनीवर हिवाळ्यात जाळीचे कुंपण घालतात, मुलांना वर नेणारा चालता पट्टा बसवतात आणि रंगीत कमानी उभारतात. जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही मुलांना न घेता तिकडे गेलो आणि वेगवेगळ्या शाळांची कुरणे कडेला उभे राहून पाहिली. अंतर कमी असेल तर प्रत्येकाने हे करावे असे मला वाटते, कारण माहितीपत्रकातल्या सगळ्याच मुलांचे गाल गुलाबी असतात आणि सगळीच हसत असतात.

प्रत्यक्षात फरक लगेच दिसतो. एका शाळेचे कुरण मुख्य उताराच्या पायथ्याशी होते. दिवस संपवून वेगाने खाली येणारी मोठी माणसे जाळीच्या अगदी जवळून जात आणि लहानांचे लक्ष शिक्षकाकडे न राहता त्यांच्याकडे जाई. दुसऱ्या ठिकाणी उतार चांगला होता, परंतु तो संपल्यावर सपाट जागा पुरेशी नव्हती. थांबायला न शिकलेले मूल आपोआप थांबेल इतकी सपाटी खाली असलीच पाहिजे. ती नसेल तर भीती पहिल्याच दिवशी बसते. तिसऱ्या शाळेचे कुरण गावाच्या कडेला होते, तिथून दुसऱ्या कोणाची ये-जा नव्हती, आणि मुख्य म्हणजे पन्नासेक पावलांवर उबदार खोली व स्वच्छतागृह होते. जाड सूट, आतले लोकरीचे कपडे, हेल्मेट आणि हातमोजे एवढा सरंजाम चढवलेल्या चार वर्षांच्या मुलाला अचानक बाथरूमला जायचे असते तेव्हा ही पन्नास पावले किती मोलाची ठरतात, हे ज्याने तो सूट एकदा उतरवला आहे त्यालाच कळेल.

गट कसे पाडतात हा पुढचा प्रश्न. नवशिक्यांना पायरीपायरीने शिकवण्याची पद्धत याच टिरोलमध्ये रुजली. हानेस श्नायडर यांनी 1921 साली आर्लबेर्गच्या डोंगरातल्या सांक्ट आन्टोन येथे आपली शाळा सुरू केली आणि स्कीची टोके जुळवून वेग रोखण्यापासून वळण्यापर्यंतचा क्रम घालून दिला. टोके जुळवून होणारा तो त्रिकोणी आकार आज मुलांना ‘पिझ्झा’ म्हणून शिकवतात. गटात किती मुले असतील, असे विचारले की बहुतेक ठिकाणी ‘आठ ते दहा’ असे उत्तर मिळते. सुट्टीच्या आठवड्यातही तितकीच असतील का, हे वेगळे विचारावे लागते, कारण म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियातील कुटुंबांबरोबरच सुट्टीवर आलेली डच कुटुंबेही याच सुमारास या दऱ्यांत उतरतात. चार वर्षांच्या मुलांच्या गटाला एक शिक्षक आणि हाताशी एक मदतनीस असेल, असे एकाच शाळेने स्पष्ट सांगितले.

शिक्षकांच्या पात्रतेबद्दल दादाने फोनवर बरीच विचारपूस केली. ऑस्ट्रियात या व्यवसायाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सर्वात खालच्या पायरीवरचा ‘अनवेर्टर’ साधारण दहा दिवसांचा अभ्यासक्रम करून परीक्षा देतो आणि नवशिक्यांना शिकवू लागतो. सर्वोच्च पायरी गाठायला काही वर्षे जातात. लहान मुलांच्या वाट्याला बहुधा विशीतला अनवेर्टरच येतो. मला त्यात वावगे वाटत नाही. गुडघ्यावर बसून वीस वेळा बूट अडकवणारा, पडलेल्याला न हसता उठवणारा माणूस चार वर्षांच्या मुलाला हवा असतो, शर्यती जिंकलेला नव्हे.

खरा पेच भाषेचा होता. आमची मुले म्युनिकच्या शाळेत आणि बालवाडीत जर्मन बोलतात. पुतण्याला मराठी व इंग्रजी येते. “अगं, दोघांना एकाच गटात ठेवू, म्हणजे तो बावरणार नाही,” दादाचे म्हणणे. “दादा, पण हिला इंग्रजीत सूचना कळायला वेळ लागेल आणि उतारावर तेवढा वेळ नसतो,” मी म्हटले. शाळेतल्या बाईंनी सांगितले की गट वय, तयारी आणि भाषा पाहून पाडतात, भावंडांना एकत्र ठेवण्याची विनंती अर्जावर लिहिता येते, मात्र हमी देता येत नाही. अखेर दोघांची नावे दोन्ही भाषा बोलणाऱ्या शिक्षिकेच्या गटात घातली, आणि बुधवारी पुतण्या वरच्या गटात गेल्यामुळे तो प्रश्न आपोआपच निकाली निघाला.

धाकट्यासाठी आम्ही फक्त सकाळचे दोन तास घेतले. तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षापासून प्रवेश देणाऱ्या शाळा अनेक आहेत. डायपर सुटलेला असावा एवढीच बहुतेकांची अट असते. तरी पूर्ण दिवस त्या वयाला झेपत नाही, असे माझे मत आहे. दोन्ही मोठ्या मुलांसाठी पाच दिवसांचा, रोज चार तासांचा वर्ग घेतला. आम्ही पाहिलेल्या शाळांत त्याचे दर अडीचशे ते तीनशे युरोंच्या घरात होते. भाड्याचे साहित्य, लिफ्टचा पास आणि दुपारच्या जेवणाची देखरेख यांचे पैसे वेगळे. खासगी शिकवणीत तेवढी रक्कम अवघ्या काही तासांत संपते, आणि मुलाला बरोबरच्या मुलांना पाहून शिकण्याची संधीही मिळत नाही.

जेवणाची चौकशी वहिनींनी केली आणि ती फार उपयोगी ठरली. टोमॅटोचा पास्ता, बटाट्याचे फ्राइज, अंडे चालत असेल तर कायझरश्मार्न हे तुकडे केलेले गोड धिरडे, एवढे शाकाहारी मुलांना मिळते. पण धिरड्याच्या पट्ट्या घातलेले जे निरुपद्रवी दिसणारे सूप असते, ते बहुधा बीफच्या रश्शात केलेले असते. ‘शाकाहारी’ एवढेच सांगून भागत नाही, सूपचे नाव घेऊन विचारावे.

हेल्मेटची सक्ती ऑस्ट्रियात प्रांताप्रमाणे बदलते. टिरोलच्या कायद्यात मुलांसाठी ती नाही, परंतु शाळा हेल्मेटशिवाय कोणाला उभे करत नाहीत, हे योग्यच आहे. बूट भाड्याने घेताना मुलाच्या पायात एकच लांब मोजा असू द्यावा. थंडी वाजेल म्हणून दोन चढवले की पाय आवळतो आणि उलट अधिक गार पडतो. लहानांना काठ्या लागत नाहीत, त्यामुळे कोणी देऊ केल्या तरी घेऊ नयेत.

सोमवारी सकाळी मुलांना सोपवल्यावर शिक्षिकेने पालकांना कुरणापासून दूर जायला सांगितले. धाकटा रडला, वहिनींचा पाय निघेना, आणि तरीही आम्ही गेलो. अर्ध्या तासाने इमारतीच्या कोपऱ्यावरून डोकावले तेव्हा तो चालत्या पट्ट्यावर उभा राहून पुढच्या मुलाच्या पाठीवरचा क्रमांक मोठ्याने वाचत होता. मंगळवारी तिघेही दमली व कुरकुरली. शाळेने याची पूर्वसूचना दिली होती. शुक्रवारी छोटी शर्यत झाली आणि सर्वांना पदके मिळाली.

पुढच्या हिवाळ्यात थोरलीला याच कुरणावर ठेवण्यात अर्थ नाही, तिला आता लांब निळा, म्हणजे सोपा म्हणून खूण केलेला, उतार लागेल. त्यामुळे गाव कदाचित बदलेल, आणि फाशिंगच्या आठवड्यातले लहानांचे गट लवकर भरतात म्हणून शाळेतल्या जागा डिसेंबरच्या आधीच राखून ठेवाव्या लागतील.