आजोबांच्या डायरीतले 'घड्याळवाले': पुण्यातले चार दिवस आणि गेलेले पैसे

आधीच सांगतो, डायरीत आडनावं नसतील तर त्यातली माणसं शोधायला एसटीचं तिकीट काढायच्या आधी दोनदा विचार करा. आमच्या आजोबांच्या 1961 च्या डायरीत सगळे 'घड्याळवाले', 'माडीवरच्या काकू', 'मास्तर' असेच. शनिवार पेठेतल्या एका वाड्यातले भाडेकरू. 12 जुलैला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, त्या दिवसाची नोंद फक्त एक ओळ, तीही जुन्या मोडी लिपीत.

ती वाचायला एका गृहस्थांनी पानाला 500 घेतले आणि सांगितलं, "घड्याळवाले परतीवर, काकू दिसल्या नाहीत." म्हटलं गावाकडे परत गेले असतील, एक अख्खा दिवस त्या गावाच्या नादात घालवला. नंतर भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवलं तर तो शब्द 'पर्वतीवर', म्हणजे पर्वती टेकडीवर, निघाला! मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द सुटे नाहीत, हात न उचलता लिहायचं, सगळं मान्य. पण मग 500 कशाचे? मंडळात मोडीचे वर्ग होतात, वेळ असेल तर स्वतःच शिका. मंडळातला दिवस छान गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरा घोळ प्रॉपर्टी कार्डाचा, म्हणजे मिळकतीच्या सरकारी नोंदीचा. एक एजंट म्हणाला, "कार्ड काढा, वाड्यातल्या सगळ्यांची नावं मिळतील," आणि 4,500 मागितले, घासाघीस करून 3,000 ला तोडलं आणि मी शहाणा समजून खुश. त्याने आधी डायरीतला घरनंबरच सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर म्हणून टाकला, भलत्याच मिळकतीचं कार्ड आलं. दोन्ही नंबर वेगळे असतात हो! दुसऱ्या खेपेला बरोबर आलं, पण त्यावर फक्त मालक, भाडेकरूचं नावच नाही, नसतंच, हे त्याला माहीत नसेल असं मला अजिबात वाटत नाही. कार्ड महाभूमी या सरकारी वेबसाइटवर घरबसल्या मिळतं, एजंटला एक रुपया देऊ नका. वाड्याच्या जागी आता खाली पार्किंग असलेली बिल्डिंग आहे आणि वॉचमन आतसुद्धा सोडत नाही.

भाडेकरू शोधायचे तर त्या पुरात घरं गेलेल्यांच्या पूरग्रस्त वसाहती गाठा, मी गोखलेनगरला गेलो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. चौथ्या दिवशी, उन्हात, पाय मोडलेले, पाणी संपलेलं, तीन ओट्यांवर "नाही बुवा" ऐकून चौथ्या ठिकाणी एक आजी म्हणाल्या, "घड्याळवाले? अहो ते माझे सासरे." मला तर नाचावंसं वाटलं. चहा झाला, मग त्यांनी कपाटातून पत्र्याचा डबा काढला, आत दुरुस्तीला आलेली, पुरातून वाचलेली मनगटी घड्याळं, काचेच्या आत वाळलेला गाळ. एका बारीकशा लेडीज घड्याळाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, शाई पसरलेली, पण वाचता येते: 'माडी, 3 रु.'

"हे न्यायला कोणी आलंच नाही," त्या म्हणाल्या, बस एवढंच.

जाणार असाल तर सकाळी आठला जा, नंतर आजी झोपतात. डबा हातात देत नाहीत, मागू नका. फोटो काढू देतात.