अकराव्याच्या आधी दहावं वचन असतं

मंगळवार, रात्री उशिरा

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायातून मी काही बाहेर पडेना. बरेच दिवस सकाळचं मनन तिथंच चाललंय आणि पुढे जावंसंही वाटत नाही. ठरवलं होतं वर्षभरात आख्खं बायबल पूर्ण करायचं, रोज तीन-चार अध्याय, टिक मारत मारत, तो प्लॅन आता बाजूला पडलाय आणि खरं सांगू का, मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाहीये.

झालं असं की माझ्या एका मैत्रिणीला कुणीतरी याच अध्यायातलं अकरावं वचन, म्हणजे अकराव्या नंबरचं वाक्य, फॉरवर्ड केलं. तेच, सगळ्यांच्या ओळखीचं, की तुमच्याविषयी माझ्या मनात काय योजना आहेत ते मला ठाऊक आहे, त्या तुमच्या भल्याच्या आहेत, तुम्हाला आशा मिळावी म्हणून आहेत. मागे सूर्योदय, कोपऱ्यात गुलाब. तिचे वडील पॅरालिसिसने अंथरुणाला खिळलेत, करणारी ती एकटी, आणि सगळं होईल ग ठीक असं म्हणणाऱ्यांचा तिला आता वैताग आलाय. ती काही ख्रिस्ती नाही, देवाधर्माचं तिचं तिचं आहे. तिने मला स्क्रीनशॉट टाकला आणि खाली एवढंच, "हे तुझ्या पुस्तकातलं ना? मग सांग, कधी?"

आता गंमत बघा, तिच्या या कधीचं उत्तर लगेच वरच्या ओळीत, दहाव्या वचनात आहे. सत्तर वर्षं. बाबेलची, म्हणजे बॅबिलोनची, सत्तर वर्षं भरली की मग मी तुमच्याकडे लक्ष देईन, तुम्हाला परत आणीन. ते कुणी गुलाबावर छापत नाही.

मी तिला फोनवर काही सांगितलं नाही, म्हटलं येते, वाचू आपण सगळं. सगळं म्हणजे ते आख्खं पत्र, कारण ते पत्रच आहे ना. यरुशलेमात राहिलेला यिर्मया बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहितोय. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमातून तिथला राजा, राजमाता, दरबारी, कारागीर, लोहार असे निवडून निवडून नेले होते, त्यांना. आणि वचनांचे नंबर यिर्मयाने घातलेले नाहीत, अध्याय पाडले गेले साधारण १३व्या शतकात आणि वचनांचे नंबर छापील बायबलात आले १६व्या शतकात, म्हणजे ज्यांनी हे पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यासाठी अकरा नंबर असं वेगळं काही नव्हतंच, त्यांना ते सलग ऐकावं लागलं, सत्तर वर्षांसकट.

तिच्याकडे गेले तेव्हा ती वडिलांची कूस बदलत होती. दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर बेडसोर होतात. पाठीमागे एक उशी, गुडघ्यांच्या मध्ये एक, टाचा अधांतरी राहतील अशी एक. ते झाल्यावर म्हणाली, वाच आता. मी पाचव्या वचनापासून सुरू केलं. घरं बांधा आणि त्यात राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावून द्या, तिथे तुमची संख्या वाढू दे. तिने मध्येच थांबवलं, "म्हणजे सुटका नाही असं सांगतोय का तो?" मी म्हटलं, लवकर नाही असं सांगतोय. ती म्हणाली, "हा निदान खोटं तरी बोलत नाहीये."

हे वाक्य तिथून निघाल्यापासून डोक्यात आहे. मी इतकी वर्षं उपासनेला जाते, सेल ग्रुपला, म्हणजे चर्चच्या छोट्या गटाला जाते, या अध्यायावरचे संदेश ऐकलेत, पण या पत्रातला धीर कशातून येतो ते एवढं साधं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि हे सांगणाऱ्या बाईने बायबल त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं! आपण शास्त्र दुसऱ्याला सांगायला जातो आणि वाटतं आपल्याकडून तिकडे काहीतरी जातंय, पण माझ्या अनुभवात निम्मं तरी उलटं येतं. बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात येशूचा संदेश सांगत फिरणारा फिलिप्प त्या कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाच्या, अधिकाऱ्याच्या रथाशेजारून धावतो ना, तिथेही सुरुवात प्रश्नाने आहे, तुम्ही वाचताय ते तुम्हाला समजतंय का. आणि तो माणूस म्हणतो कुणी समजावल्याशिवाय कसं समजणार, वर ये, बस माझ्याजवळ. तो यशया संदेष्ट्याचा ५३वा अध्याय वाचत होता, फिलिप्पाने तिथूनच सुरुवात केली, स्वतःचा विषय घेऊन नाही आला. मला हे फार आवडतं. समोरचा ज्या ओळीवर अडलाय तिथून.

मग मी मागचा अध्यायही काढला, २८वा, कारण त्याच्याशिवाय पत्र लिहायची गरजच कळत नाही. यिर्मया गळ्यात लाकडी जू घालून फिरतोय, की बाबेलच्या राजाचं जू मान्य करा. आणि हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर म्हणतो, काही नाही, दोन वर्षांत सगळं परत येतंय, मंदिरातून नेलेली भांडी परत, राजा परत, लोक परत. आणि ते जू यिर्मयाच्या मानेवरून काढून मोडून टाकतो. दोन वर्षं आणि सत्तर वर्षं. कुणालाही विचारा, हनन्याचाच मेसेज फॉरवर्ड झाला असता.

पण या वेळी वाचताना माझं लक्ष गेलं ते यिर्मयाच्या पहिल्या शब्दाकडे. हनन्याचं ऐकून तो आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. म्हणजे त्यालाही हनन्याचं खरं ठरायला हवं होतं! त्याला काही सत्तर वर्षांची हौस नव्हती. आणि जू मोडल्यावर तो वाद घालत बसत नाही, तिथून सरळ निघून जातो, देवाचं पुढचं वचन आल्यावरच परत येतो, की लाकडाचं मोडलंस, आता लोखंडाचं येईल. आमच्या ग्रुपमधल्या एका भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला की त्याने तिथल्या तिथे खोडून काढायला पाहिजे होतं. मला नाही तसं वाटत. साक्ष देणं म्हणजे प्रत्येक वादात शेवटचा शब्द आपलाच ठेवणं, असं समजणारे खूप जण भेटलेत मला, त्यातल्या कुणामुळे एखादा माणूस प्रभूजवळ आलेला मी तरी पाहिला नाही. १ पेत्र ३:१५ सगळ्यांना पाठ असतं, तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदा तयार असा. पण त्यातही आधी कुणीतरी विचारतंय, आणि उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्यायचंय, तेवढा भाग पाठांतरात गळतो.

पत्राचं सातवं वचनही तिला थांबवून थांबवून वाचून दाखवलं. ज्या शहरात तुम्हाला कैद करून नेलंय त्या शहराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या शांतीत तुमची शांती आहे. शत्रूचं शहर! यावर ती काहीच बोलली नाही, मीही नाही बोलले. मला स्वतःला यावर अजून पुष्कळ विचार करायचाय, विशेषतः ज्यांच्याशी माझं जमत नाही त्यांची नावं प्रार्थनेत घ्यायची म्हटलं की जीभ जड होते तेव्हा.

काल रात्री दानीएल ९ वाचला. तिथे म्हातारा झालेला दानीएल बाबेलात बसून यिर्मयाचंच लिखाण वाचतोय आणि त्यातून त्याला ती सत्तर वर्षं कळतात, म्हणजे बायबलमध्येच बायबल स्टडी चाललाय. मी असते तर बोटांवर हिशोब केला असता आणि देवाला म्हटलं असतं, झाली बरं का मुदत. दानीएल उपास करतो, गोणपाट नेसतो, राखेत बसतो आणि आमचं चुकलं म्हणून प्रार्थनेला लागतो. लहानपणी धरून आणलेला माणूस हा. पुढे पारसाच्या कोरेश राजाने इ.स.पू. ५३८ मध्ये यहुद्यांना परत जायची परवानगी दिली, पण दानीएल परत गेल्याचं कुठे लिहिलेलं नाही. त्याला मिळालेली आशा त्याच्या वाट्याला न येताही खरी होती, हे लिहिताना सोपं वाटतं पण त्या खोलीत, त्या उशांच्या शेजारी बसून मी हे तिला म्हणू शकले नसते, आणि म्हटलंही नाही. वाचलं तेवढं वाचलं, मग तिनेच विचारलं, तुमच्यात प्रार्थना करतात ना, कर की बाबांसाठी. केली. छोटीशीच, चमत्काराची मोठमोठी आश्वासनं न देता, त्यांना रात्रीची झोप लागू दे आणि हिलाही लागू दे, एवढं येशूच्या नावाने मागितलं. वडिलांना कितपत कळलं माहीत नाही, त्यांचा चांगला हात चादरीवर होता तो त्यांनी थोडा वर केला.

तिचा आज मेसेज आलाय, तुमच्या पुस्तकात नुसतं रडायला काही आहे का. आहे ना, विलापगीत आहे, पाच अध्याय. त्यातलंही तिसऱ्या अध्यायातलं एकच वचन सगळीकडे फिरतं, त्याची दया रोज सकाळी नवी होते ते. ते येईल तेव्हा येईल. मी तिला कळवलंय की पहिल्या अध्यायापासून वाचणार आहोत, ओसाड पडलेल्या शहरापासून, आणि कूस बदलायची वेळ झाली की मध्येच थांबायचं.